बीकेसी ते मांडवा

किहीमच्या किनाऱ्यावरचा हिरेव्यापारी नीरव मोदीचा बंगला 8 मार्च 2019 रोजी सुरुंग लावून उडवला. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा, ज्यात त्याचं नाव होतं, त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी 2018 मध्ये बाहेर आला होता. पण बंगला पडला तो घोटाळ्यापायी नव्हे. तो किनारपट्टीचे नियम मोडून बांधला होता, म्हणून पडला. सुमारे 33,000 चौरस फुटांचं बांधकाम. आधी यंत्रांनी पाडायचा प्रयत्न झाला, पण काँक्रीट दाद देईना. शेवटी जिल्हा प्रशासनाला स्फोटकं मागवावी लागली. अलिबाग तालुक्यात हा किस्सा आजही चवीने सांगतात. ज्याने त्यातलं काहीच पाहिलेलं नसतं तो जरा जास्तच चवीने.

संपादकांनी यंदा विषय दिला 'पैसा', आणि वर सांगितलं की किनाऱ्यावर जाऊन लिहा. रायगडच्या या पट्ट्याला मोठ्या पैशाची ओळख आहे ती कुंपणाच्या उंचीवरून. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ, पुढे नागाव आणि चौल. जांभा दगडाच्या भिंती, आत नारळ, फाटकावर कॅमेरा. त्या भिंतीआड कोण राहतं याची यादी कुठलाही रिक्षावाला तोंडपाठ म्हणून दाखवतो. मला ती यादी नको होती. हा पैसा जिथे तयार होतो त्या कचेऱ्यांत बायका कशा राहतात आणि का निघून जातात, हे विचारायचं होतं. त्यासाठी बीकेसीतल्या, म्हणजे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, काचेच्या इमारतीत जाऊन उपयोग नसतो. तिथे कुणी बोलत नाही. बोलतात त्या बाहेर पडलेल्या, आणि त्यांतल्या काही याच किनाऱ्यावर आहेत.

शुक्रवारची गर्दी

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो 15 मार्च 2020 ला सुरू झाली. त्याआधी गेटवेवरून पीएनपी, मालदार, अजंठा यांच्या लाँच होत्या, आजही आहेत, पण पावसाळ्यात त्या बंद असतात. रो-रो पोटात गाड्या घेते आणि तासाभरात पलीकडे सोडते. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर बोटीची गरज कमी होईल असं काहींना वाटलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी धक्क्यावरची गाड्यांची रांग पाहिली की तसं वाटत नाही.

वरच्या मजल्यावरच्या वातानुकूलित भागात मुलांचा गोंगाट, सँडविचचा वास आणि मधूनमधून उघडे लॅपटॉप. माझ्या पुढच्या बाकावर तिशीची एक मुलगी कानात यंत्र घालून बसली होती. तासाभरात ती बोलली तीनच वाक्यं, तिन्हींचा अर्थ 'करून पाठवते'. शेजारी नवरा कडेवरच्या मुलाला कुलाब्याच्या दीपगृहाचा दिवा दाखवत होता. मांडवा आलं तरी तिने मान वर केली नाही. गाडीत बसतानाही लॅपटॉप उघडाच, ताटासारखा दोन्ही हातांवर आडवा धरलेला.

मी जिला भेटायला निघाले होते तिनेही नऊ वर्षं अशीच काढली.

वाडीतली व्हीपी

तिचं नाव, बँकेचं नाव आणि गावाचं नाव लिहायचं नाही, या अटीवर ती बोलली. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी तिच्या वडिलांची नारळ-सुपारीची वाडी आहे, एवढं पुरे. वडील एसटीत होते. पोरगी सीए झाली आणि बीकेसीतल्या एका बँकेच्या इन्व्हेस्टमेंट बँकिंग विभागात लागली. त्यांच्या बोलण्यात नुसतं 'आयबी'. कंपन्यांना भांडवल उभारून द्यायचं, शेअर बाजारात उतरवायचं, एकीला दुसरी विकत घेऊन द्यायची, असं ते काम. राजीनामा दिला तेव्हा ती व्हीपी होती. व्हाइस प्रेसिडेंट म्हटलं की गावाला वाटतं, हिच्या वर आता एकच माणूस उरला. प्रत्यक्षात व्हीपी मधल्या पायरीवर असतो. खाली अ‍ॅनालिस्ट आणि असोसिएट, वर डायरेक्टर, त्याच्या वर एमडी.

या कामाची रात्र का होते, हे तिने मला पडवीत बसून सुपाऱ्या सोलता सोलता समजावलं. एमडी दिवसभर गिऱ्हाइकांकडे असतो. तोवर खालची मंडळी बऱ्यापैकी रिकामी. संध्याकाळी सातला तो परततो तो डोक्यात काहीतरी नवं घेऊन. 'उद्या सकाळी त्यांच्या चेअरमनला दाखवू.' डायरेक्टर ते व्हीपीला सांगतो, व्हीपी असोसिएटला, असोसिएट अ‍ॅनालिस्टला. दाखवायच्या सादरीकरणाला म्हणतात डेक. पन्नास-साठ पानं, तक्ते, आलेख, शेवटी परिशिष्ट. अकराला पहिला मसुदा वर जातो. पावणेबाराला लाल पेनाने गिरवलेल्या पानांचे फोटो मोबाइलवर येतात, खाली दोन शब्द, 'प्लीज फिक्स'. दुरुस्त्या करून परत वर. दीडला पुन्हा लाल.

तसला एक फोटो अजून तिच्या जुन्या फोनमध्ये आहे. कंपनीचं नाव अंगठ्याने झाकून तिने तो दाखवला. पानाच्या कोपऱ्यातल्या बोधचिन्हाभोवती लाल गोल, त्याच्यापासून निघालेला बाण आणि शेजारी 'डावीकडे'. एवढंच. त्या रात्री ती पहाटे चारला घरी गेली. सकाळी नऊला कळलं, चेअरमनसाहेब दिल्लीला गेलेत, बैठक पुढच्या आठवड्यात.

'ओरडायचं का कुणी?' मी विचारलं.

'ओरडणं परवडतं ताई. ओरडणारा सगळ्यांना दिसतो.'

तिचा खरा राग होता तो आवाज न चढवता केलेल्या गोष्टींवर. कुठल्या सौद्यावर कोणाला घ्यायचं हे ठरवणारा एक माणूस असतो. तो कुणालाच नाही म्हणत नाही, फक्त चांगल्या सौद्यावर घेत नाही. वर्षाअखेर तुमच्या नावावर मोठं काम नसतं. मग मूल्यांकनात खालचा गट, आणि बोनस त्या गटाप्रमाणे. बोनस म्हणजे आपल्याकडे दिवाळीला पाकिटात मिळतो तो नव्हे. तिथे तो पगाराच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त. शिवाय त्यातला काही भाग लगेच हातात पडत नाही, पुढच्या दोन-तीन वर्षांत तुकड्या-तुकड्याने मिळतो. मध्येच नोकरी सोडलीत तर उरलेला बुडाला. म्हणजे तुमच्याच कमाईचा एक हप्ता कायम त्यांच्याकडे गहाण. वरती तीन महिन्यांची नोटीस आणि 'इंडस्ट्री छोटी आहे' हे वाक्य. ते प्रेमाने सांगितलं जातं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

हे पुरुषांनाही लागू आहे, मी म्हटलं. ती म्हणाली, हो, पुढचं ऐका.

बैठकीत आठ माणसं, त्यांत ती एक बाई. टिपणं घ्यायची तिनेच, कारण 'तुझं लिहिणं नीटनेटकं असतं'. सौदा झाला की रात्री जेवण. गेलं तर कोण किती वाजता कुणाच्या गाडीतून परतलं याची चर्चा, न गेलं तर 'गिऱ्हाइकाशी हिचा सूर जुळत नाही'. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा कायद्याने मिळते, 2017 पासून, आणि तिलाही ती पूर्ण मिळाली. परत आली तेव्हा तिची तिन्ही मोठी गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेलेली. 'तुझाच विचार करून केलं, आता तुला प्रवास झेपायचा नाही.' रजेवरच्या बाईला नोकरीवरून काढता येत नाही. तिच्या हातचं काम मात्र चांगुलपणाच्या भाषेत काढून घेता येतं. त्या वर्षीचा बोनस सांगायला तिला खोलीत बोलावलं, आणि आकडा सांगण्याआधी विचारलं, 'मिस्टर कुठे असतात? त्यांचंही बरं चाललंय ना?'

आणि तिच्या सगळ्या वरिष्ठांत सर्वांत कडक होती ती एक बाईच. आपण बाळंतपणानंतर कितव्या दिवशी कामाला आलो, हे ती नव्या मुलींना आवर्जून सांगायची. तिच्याविषयी बोलताना मात्र हिचा राग पातळ झाला. 'तिनेही काही कमी सोसलं नसणार,' म्हणाली, आणि सुपाऱ्यांचं सूप झटकून उठली.

आजी गेली तेव्हा एक सौदा ऐन रंगात होता. गेटवेची शेवटची लाँच सुटून गेलेली. ती टॅक्सीने पेण-वडखळमार्गे निघाली आणि मागच्या सीटवर कर्जाच्या तक्त्यातले आकडे जुळवत आली. घराच्या अलीकडे, फाट्यावर, गाडी थांबवून आधी फाइल पाठवली आणि मग घरात पाऊल टाकलं. 'कुणी सक्ती केली नव्हती हो,' ती म्हणाली. 'तीच तर गंमत.'

राजीनाम्याच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात तिने 'वैयक्तिक' लिहिलं. बोनसचा एक हप्ता यायचा होता.

खुर्चीवर बाई बसली तरी

ही एका बँकेची किंवा एका स्वभावाची गोष्ट असती तर मी एवढं लिहिलं नसतं. मार्च 2022 मध्ये माधबी पुरी बुच सेबीच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या महिला, आणि खासगी क्षेत्रातून आलेल्याही पहिल्याच. सगळ्यांनी कौतुक केलं, ते योग्यही होतं. दोन वर्षांनी, 6 ऑगस्ट 2024 ला, सेबीच्या अधिकाऱ्यांनी अर्थमंत्रालयाला पत्र लिहिलं. बैठकांत आरडाओरड, दरडावणी आणि चारचौघांत अपमान हे नेहमीचं झालंय, अशी तक्रार. गाठता न येणारी उद्दिष्टं, मिनिटामिनिटाची पाळत, मनावरचा ताण, हेही त्यात होतं. सुमारे 500 जणांच्या सह्या होत्या. बातमी फुटल्यावर सेबीने 4 सप्टेंबरला पत्रक काढून म्हटलं की कर्मचाऱ्यांना बाहेरचे लोक फूस लावताहेत. दुसऱ्या दिवशी शेअर बाजाराचे हे राखणदार स्वतः बीकेसीतल्या मुख्यालयाबाहेर निदर्शनं करत उभे राहिले. 16 सप्टेंबरला ते पत्रक मागे घेण्यात आलं.

यातला विरोधाभास कुणी फारसा बोलून दाखवला नाही. बाजारातल्या पहिल्या 1,000 कंपन्यांना आपल्याकडच्या किती बायका आणि किती पुरुष नोकरी सोडून गेले, बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परतल्या आणि टिकल्या, लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, हे दरवर्षी अहवालात छापायला लावणारी संस्था हीच. नियम चांगला आहे. फक्त ते आकडे ज्या फॉर्मवरून येतात त्यावर 'वैयक्तिक' लिहिलेलं असतं.

त्याच सप्टेंबरात पुण्याची एक बातमी आली. केरळची 26 वर्षांची सीए अ‍ॅना सेबॅस्टियन पेरायिल मार्चमध्ये ईवाय या हिशेब-तपासणी कंपनीच्या पुणे कार्यालयात रुजू झाली आणि 20 जुलैला गेली. आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात कामाच्या ओझ्याचा पाढा होता, आणि कार्यालयातून अंत्यविधीला कुणी आलं नाही हेही. मृत्यूचं कारण कामाचा ताण आहे, हे कंपनीने मानलं नाही. पण राज्याच्या कामगार खात्याची माणसं येरवड्याच्या कार्यालयात तपासणीला गेली तेव्हा कळलं की 2007 पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. पुण्यात टपरीवाल्यालाही गुमास्ता परवाना विचारतात. एवढ्या मोठ्या कार्यालयाला सतरा वर्षं कुणी विचारला नव्हता.

परदेशात निदान खटले चालतात. न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्सविरुद्ध वेतन आणि बढतीतल्या भेदभावाचा दावा 2010 मध्ये दाखल झाला आणि 2023 मध्ये, सुमारे 2,800 बायकांसाठी 21 कोटी 50 लाख डॉलरवर मिटला. तेरा वर्षं. तेवढ्या काळात पहिलीत गेलेली मुलगी कॉलेजात पोचते. लंडनमध्ये बीएनपी पारिबामधल्या एका बाईच्या टेबलावर तिच्या पुरुष सहकाऱ्यांनी चेटकिणीची टोपी आणून ठेवली होती. तिला 2022 मध्ये 20 लाख पौंडांवर भरपाई मिळाली. टोपी दिसते, म्हणून ती पुरावा ठरते. चांगल्या सौद्यावर न घेणं कुठल्या पिशवीत घालून न्यायाधीशापुढे ठेवणार?

क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं एक निरीक्षण इथे चपखल बसतं. काही नोकऱ्या हावरट असतात, त्या कौशल्यापेक्षा हाकेला ओ देण्याचे पैसे जास्त देतात. रात्री दोनला, रविवारी, आजी गेली तेव्हा, जो ओ देतो त्याला तासागणिकही जास्त मिळतं. घरात दोघं कमावणारी असली की एकाने अशी नोकरी धरायची आणि दुसऱ्याने घर, हे ओघाने आलंच. दुसरं कोण, ते वेगळं सांगायला नको.

वरून सुटलेली, खालून सुटलेली

ओ देण्याचा हा व्यवहार बीकेसीत संपत नाही. तो शुक्रवारी रो-रोत बसून इकडे येतो.

व्हीपीबाईंच्या शेजारच्या आळीत एक आगरी जोडपं आहे. नवरा एका बंगल्याचा केअरटेकर आणि बायको तिथे स्वयंपाक, साफसफाई, पाहुण्यांचं सगळं करते. पगार एकच, नवऱ्याच्या खात्यावर. काकींना मी त्यांच्याच ओट्यावर भेटले. मालक-मालकीण दोघंही मुंबईत मोठ्या हुद्द्यावर, त्यांतली मॅडम 'ब्यांकेत'. माणसं वाईट नाहीत, मुलीच्या बारावीला त्यांनी फी भरली, हे काकींनी आधीच सांगून टाकलं. मग फोन माझ्या हातात दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री 11.52 चा मेसेज होता, 'उद्या सकाळी 9 पर्यंत पोचतोय, 8 लोक, 2 व्हेज'. आणि त्याच्या खाली काकींच्या मुलीने टाइप केलेलं, 'ओके मॅडम'.

'येतान म्हनून सांगतान,' काकी म्हणाल्या, 'पन कदी सांगतान बगा.'

पुढचं सगळ्यांना कळेल अशा मराठीत. सकाळी नऊ म्हणजे पहाटे चारला उठायचं. आठ जणांच्या गाद्या, चादरी, पोहण्याच्या तलावातला पालापाचोळा, मग बाजार. ऑक्टोबरात कुणीतरी पोपटी मागतं. पोपटी होते थंडीत. वालाच्या शेंगा भरल्या आणि भांबुर्ड्याचा पाला मिळाला की मडकं लागतं. ऑक्टोबरात ना शेंगा, ना पाला. पण पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही, असं सांगितलेलं. मग बाजारातल्या कसल्यातरी शेंगा, केळीची पानं, आणि 'बघा, ऑथेंटिक' म्हणून फोटो. हे सांगताना काकी खळखळून हसल्या. पाहुणे रात्री दोनपर्यंत बसतात, भांडी तेव्हा. एखाद्या खेपेला त्यांतल्याच एकाने स्वयंपाकघरात येऊन नको तितकी जवळीक केली. काकींनी हे अर्ध्या वाक्यात सांगितलं आणि उरलेलं अर्धं गिळलं. मालकिणीला सांगितलं का? 'त्यांचेच सायेब होते त्ये.'

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने 2017 मध्ये घालून दिले ते दिवसाचे 9 तास, आठवड्याचे 48, वर गेलं तर दुप्पट दराने पैसे. पण गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला तो लागू नाही, म्हणून व्हीपी वरून सुटली. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेलाही तासांचा हा नियम लागू नव्हता, म्हणून काकी खालून सुटल्या. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दहाची मर्यादा 20 वर आणि दिवसाचे तास 10 वर न्यायला मंजुरी दिली. भोक बुजवायचं सोडून मोठं केलं, असं माझं मत. नुसत्या अपमानाविरुद्ध, अंगाला हात न लावता केलेल्या छळाविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही. विशाखा निकाल 1997 चा, त्यातून आलेला कायदा 2013 चा, पण तो लैंगिक छळापुरता. त्यात दहा किंवा जास्त माणसांच्या जागी अंतर्गत समिती हवी आणि त्याहून लहान जागांसाठी, घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही, जिल्ह्याची स्थानिक समिती. रायगडात म्हणजे अलिबागला. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात या अंमलबजावणीवर ताशेरे ओढले आणि डिसेंबर 2024 मध्ये जिल्हा अधिकारी व स्थानिक समित्या नेमायला तारखा घालून दिल्या. कायदा होऊन तोवर अकरा वर्षं झाली होती.

अशी जिल्ह्याची समिती असते, हे काकींना माहीत नव्हतं. व्हीपीबाईंनाही माहीत नव्हतं. बीकेसीत असताना तिने दरवर्षी या कायद्याचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं होतं, शेवटी दहा प्रश्न, शंभरपैकी शंभर.

आत्या आणि भाची

मी निघायच्या आधी व्हीपीबाईंची भाची आली. भावाची मुलगी, सीए अंतिमचा निकाल नुकताच लागलेला, पास. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावचे. ते शाळेच्या भाषणात ऐकून ऐकून मोठी झालेली ही पोर. तिला आत्याच्याच विभागात, दुसऱ्या बँकेत, मुलाखतीला बोलावणं आलं होतं. घरात दोन दिवस त्यावर धुसफूस चालू होती. आजोबा म्हणत होते, एकीचं बघितलं ना?

आत्याने तिला नको म्हटलं नाही. एका वहीच्या पानावर काही गोष्टी लिहून दिल्या. कामाचे तास रोजच्या रोज स्वतःच्या वहीत लिही, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. तोंडी दिलेलं काम मेलवर कळवून घे. टिपणं घ्यायची पाळी लाव, पहिल्याच आठवड्यात, दुसऱ्या आठवड्यात उशीर होतो. बोनसच्या खोलीत नवऱ्याचा विषय निघाला तर तारीख-वेळ टाकून ठेव. समितीत कोण आहे ते रुजू झाल्या दिवशी विचार, गरज पडेल तेव्हा विचारलंस तर सगळ्या मजल्याला कळतं.

मुलीने पान वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मग जरा चाचरत विचारलं, 'आत्या, शेवटच्या वर्षी तुला बोनस किती होता गं?'

आत्याने आकडा सांगितला. आजोबा सुपारीचं पोतं उचलता उचलता थांबले. मुलगी मोबाइल काढून बाराने भागायला लागली. आत्या म्हणाली, 'बाराने नको. तासांनी भाग.' तास किती धरायचे यावर दोघींचं जुंपलं, आणि मांडव्याच्या बसची वेळ झाली म्हणून मी उठले.